मलप्रभेच्या काठचं वाचनालय आणि पुण्याहून आलेली नोटीस: डिजिटल कॉपीराइटचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मी वाचनालयाचा वकील म्हणून सुरुवातीपासून हाताळलं. वाचनालयाचं कार्यकारी मंडळ आणि एका दिवंगत लेखकाची कन्या, दोघांनी लिहायला परवानगी दिली. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावाच्या खुणा, पुस्तकांचे तपशील आणि काही आकडे बदलले आहेत. कायद्याची कलमं आणि न्यायालयांचे निकाल मात्र आहेत तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात मलप्रभेपासून फार लांब नसलेलं एक मोठं गाव. तिथलं वाचनालय स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं आहे. सात हजारांच्या आसपास पुस्तकं, त्यांतली बहुतेक मराठी, भिंतीकडची दोन कपाटं कन्नड. वर्गणी, देणग्या आणि गणपतीतल्या व्याख्यानमालेच्या पावत्या यांवर सगळा कारभार चालतो. ग्रंथपाल अर्धवेळ. चिटणीस निवृत्त पोस्टमास्तर, सगळे त्यांना तात्या म्हणतात.

सीमाभागात अशा वाचनालयाला वेगळं महत्त्व आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकार मराठीत देतं. अवांतर वाचन मात्र ज्याचं त्याने शोधायचं. नवीन पुस्तक हवं तर बेळगावला जायचं, तिथे नसेल तर कोल्हापूर-पुण्याहून मागवायचं. जुनं, छापणं बंद झालेलं पुस्तक हवं तर वाचनालयाचं कपाट हाच शेवटचा ठिकाणा. या भागाचा स्थानिक इतिहास, गावांच्या कैफियती, सत्याग्रहींच्या आठवणी अशी कितीतरी पुस्तकं एकदाच निघाली आणि संपली.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला तेव्हा वाचनालयाच्या तळमजल्यात पाणी शिरलं. कपाटांचे खालचे दोन कप्पे भिजले. पुस्तकं पंख्याखाली पसरून वाळवली, तरी महिनाभरात पानं चिकटली, बुरशी धरली. तात्यांनी कॉलेजच्या दोन मुलांना हाताशी धरून मोबाईलवर पुस्तकं स्कॅन करायला घेतली. आधी भिजलेली, मग जीर्ण झालेली, मग सभासद मागतील ती. तीनशेहून अधिक पुस्तकांच्या फाइली तयार झाल्या.

२०२० चा मार्च आला आणि एसटी थांबली, नाके बंद झाले, वाचनालयाला कुलूप लागलं. फाइली ज्या फोल्डरमध्ये होत्या त्याची लिंक तात्यांनी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. त्या दिवसांत ती लिंक किती जणांना आधार झाली हे मी स्वतः पाहिलं आहे. माझ्या आईने टाळेबंदीत वाचलेल्या पुस्तकांपैकी निम्मी त्या फोल्डरमधली होती. वाचनालय उघडलं, पण लिंक तशीच राहिली. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मुंबई अशी ती फिरत गेली आणि कुणाकुणापर्यंत पोचली याचा हिशेब उरला नाही.

अडचण

जून २०२३ मध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. पाठवणारा पुण्याचा एक मराठी प्रकाशक. कुटुंबाचा व्यवसाय, यादी मोठी, उलाढाल बेताची. नोटिशीत चौदा पुस्तकांची नावं होती. मागण्या अशा: फाइली काढा, लेखी माफी द्या, नुकसानभरपाई द्या, नाहीतर दिवाणी दावा आणि कलम ६३ खाली फौजदारी तक्रार.

फौजदारीच्या उल्लेखाने मंडळ हादरलं, आणि ते साहजिक होतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे तक्रार झाली तर पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात आणि जामिनासाठी कोर्टात उभं राहावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या तात्यांना हे समजावून सांगताना मला शब्द सापडत नव्हते. ते एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, आम्ही कुणाकडनं पैसे घेतलोय काय? मग चोरी कसली?"

रविवारी सकाळी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांचं मत ठाम होतं: हे सीमाभागातल्या मराठीवरचं संकट आहे, उत्तर तसंच लिहा, वर्तमानपत्रांना द्या. त्यांनी संविधानाचं कलम २९ (आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क) आणि कलम ३५०-क (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण) वहीत उतरवूनच आणलं होतं. तरुण सभासदांना भाषेपेक्षा ज्ञान सर्वांना खुलं असावं हे तत्त्व महत्त्वाचं वाटत होतं. दोन जणांचं म्हणणं, लिंक बंद करा आणि गप्प बसा.

न्यायालयांत कोणती मूल्यं बोलतात

मार्ग ठरवण्याआधी मला एकच प्रश्न सोडवायचा होता. हे प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीश कोणत्या बाजूने विचार सुरू करतील? कलमं तीच असतात. पण पुस्तक ही लेखकाची मालमत्ता आहे इथून सुरुवात केली तर एक निकाल येतो, आणि पुस्तक समाजाच्या शिक्षणासाठी आहे इथून केली तर दुसरा.

माझ्या मनात पहिलं आलं ते दिल्ली विद्यापीठाचं झेरॉक्स प्रकरण. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांना पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स प्रती काढून देणाऱ्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर दावा केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, लोकांच्या बौद्धिक समृद्धीसाठी कला-विद्यांना चालना मिळावी म्हणून तो दिलेला आहे, अशी त्या निकालाची मांडणी आहे. विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घ्यायचे तेव्हा ते बेकायदा नव्हतं, मग तेच यंत्राने केलं म्हणून बेकायदा कसं, हा त्यातला युक्तिवाद मला आजही पटतो. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने, कॉपीराइटचे अपवाद सांगणाऱ्या कलम ५२ पैकी ५२(१)(आय) मधल्या 'शिक्षणाच्या ओघात' या शब्दांचा अर्थ वर्गापुरता आखडता घेतला नाही, मात्र काही मुद्दे पुराव्यासाठी परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. गरीब देशातलं सार्वजनिक विद्यापीठ आणि समोर परदेशी प्रकाशक, हे चित्र त्या निकालाच्या पाठीशी उभं आहे असं माझं वाचन आहे. न्यायाधीशांनी तसं लिहिलेलं नाही, पण शिक्षणाच्या उपलब्धतेला दिलेलं वजन पानोपानी जाणवतं.

आमच्याकडे ते चित्र नव्हतं. समोर परदेशी कंपनी नव्हती, मराठी पुस्तकं छापून पोट भरणारं पुण्याचं एक कुटुंब होतं. वाचनालय म्हणजे शिक्षक नव्हे, आणि लिंकवरून कादंबरी वाचणारा मुंबईचा माणूस विद्यार्थी नव्हे.

दुसरं प्रकरण माझ्या एका कन्नडभाषिक सहकाऱ्याने सुचवलं. आम्ही बार रूममध्ये बोलत होतो आणि त्याने विचारलं, "कारंतांचं यक्षगान प्रकरण वाचलंस का?" कन्नड लेखक शिवराम कारंतांनी यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्याचा जो नवा नृत्यप्रकार घडवला त्याचे हक्क मृत्युपत्राने एका व्यक्तीकडे गेले होते. मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेने प्रयोग केला आणि वाद उडुपीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २००९ च्या निकालात न्यायालयाने वारसाचा हक्क मान्य ठेवला, पण मनाईहुकूम कलम ५२ मधल्या अपवादांच्या आड येणार नाही हे स्पष्ट केलं. वारसाचा मान राखायचा आणि शिक्षणसंस्थेसाठी दारही उघडं ठेवायचं, ही समतोलाची भूमिका मला आमच्या प्रकरणाला जास्त जवळची वाटली. तेव्हा मात्र त्यातला वारसाचा भाग माझ्या पुरेसा लक्षात आला नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

तिसरं उदाहरण तात्यांनीच काढलं. अमेरिकेतलं इंटरनेट आर्काइव्ह ग्रंथालयात असलेली छापील प्रत स्कॅन करून एका वेळी एकाच वाचकाला देतं, तसं आपण केलं तर चालेल ना? प्रश्न रास्त होता. न्यूयॉर्कच्या ज्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये गूगलने लाखो पुस्तकं स्कॅन करून त्यांत शोध घेण्याची सोय देणं रास्त ठरवलं होतं, त्याच न्यायालयापुढे इंटरनेट आर्काइव्हचं अपील होतं. खालच्या न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला होता. आमच्या वाटाघाटी चालू असतानाच, ४ सप्टेंबर २०२४ रोजी, अपील न्यायालयानेही तोच कायम केला. पुस्तक शोधू देणं हा नवा उपयोग, पण पूर्ण पुस्तक वाचायला देणं म्हणजे मूळ पुस्तकाची जागा घेणं, आणि तसं होऊ लागलं तर लिहिणाऱ्याला लिहिण्याचं कारण उरणार नाही, असा त्या न्यायालयाचा कल. भारतात तो निकाल लागू नाही. आपला कायदा अपवादांची यादी देतो, तिथल्यासारखा मोकळा निकष देत नाही. तरी प्रकाशकाच्या वकिलाने त्याचा उल्लेख केलाच.

आपल्या कायद्याची नेमकी कलमं पाहिली तर परिस्थिती अशी होती. कलम ५२(१)(एन) प्रमाणे, ज्या पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयाकडे आहे त्याची जतनासाठी डिजिटल साठवण ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला करता येते. म्हणजे महापुरानंतरचं स्कॅनिंग कायद्यात बसत होतं. ५२(१)(ओ) प्रमाणे भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. त्या प्रती डिजिटल असल्या तर चालतील का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. लिंक गावाबाहेर पाठवण्याला मात्र यांपैकी कुठलंच कलम पुरत नव्हतं. साठवणं आणि पोचवणं यांच्यातली रेघ कायद्याने स्पष्ट ओढली आहे आणि आम्ही ती ओलांडली होती. हे मी मंडळाला पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि ते ऐकून घेणं सगळ्यांना जड गेलं.

समोरचे मार्ग

सगळं काढून टाकायचं, माफी द्यायची, प्रकरण संपवायचं. स्वस्त आणि सुरक्षित मार्ग. पण जतनासाठी केलेली कायदेशीर साठवणही त्यात गेली असती, आणि माफीत तात्यांनी चोरी कबूल केल्यासारखं झालं असतं.

कलम ६० खाली आपणच दावा करायचा, की दिलेल्या धमक्या निराधार आहेत. तरुणांना हा मार्ग आवडला. त्यासाठी आपलं कृत्य उल्लंघन नाही हे दाखवावं लागतं आणि लिंकच्या बाबतीत ते दाखवता येणार नव्हतं.

दावा होऊ द्यायचा आणि लढायचं. इथे ठिकाणाचा प्रश्न महत्त्वाचा होता. कलम ६२ प्रमाणे हक्कदार स्वतः जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथेही दावा लावू शकतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजय दालिया प्रकरणात या सवलतीला मर्यादा घातली (वाद जिथे घडला तिथे हक्कदाराची शाखा असेल तर दावा तिथेच लावायचा), पण प्रकाशकाची बेळगावात शाखा नसल्याने पुण्याचं कोर्ट त्याला मोकळंच होतं. प्रत्येक तारखेला खानापूर ते पुणे, तेही वाचनालयाच्या पैशांतून. पुण्यात दावा लागला तर पुढचं अपील मुंबई उच्च न्यायालयात, बेळगावात लागला तर धारवाड खंडपीठात. दिल्लीचा झेरॉक्स निकाल दोन्हीकडे मार्गदर्शक, बंधनकारक कुठेच नाही. आमचा मुद्दा टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी समोरचे न्यायाधीश शिक्षणाच्या उपलब्धतेला किती वजन देतात यावर राहिलं असतं, आणि त्याचा अंदाज आधी बांधता येत नाही.

उरला मार्ग वाटाघाटीचा.

सीमाप्रश्न मांडायचा की नाही

सगळ्यात अवघड निर्णय हा होता. अध्यक्षसरांच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि या गावातल्या दोन पिढ्यांनी त्याच्या निकालाची वाट पाहिली आहे. इथे मराठी पुस्तक हातात असणं ही साधी गोष्ट नाही, हे मीही मानतो.

तरी मी ते उत्तरात मुख्य मुद्दा म्हणून घालू नये असं सांगितलं. कलम २९ चा हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध उभा राहतो, खासगी प्रकाशकाविरुद्ध तो टिकवणं कठीण. शिवाय समोरचा प्रकाशक मराठीच. त्याने चाळीस-पन्नास वर्षं मराठी पुस्तकं छापली, म्हणून तर ती आपल्या कपाटात आली. त्याला मराठीचा शत्रू ठरवणारं पत्र कुठल्याही न्यायाधीशाला खरं वाटलं नसतं. आणि सीमाप्रश्नाचं नाव निघालं की बेळगावात वर्तमानपत्रं येतात, संघटना येतात, दोन्ही बाजूंचे येतात. मग वाचनालयाचं प्रकरण वाचनालयाच्या हातात राहत नाही.

अध्यक्षसर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं जपलो ते काय, त्याला कायद्यात जागाच नाही काय?" मी सांगितलं, जागा आहे, पण ती पुराव्याच्या रूपात. वाचनालयात येणारी मुलं कोणत्या माध्यमात शिकतात, कोणतं पुस्तक बाजारात मिळत नाही, जवळचं दुकान किती लांब, पुरात काय गेलं, हे कागदावर आलं तर भाषेचा प्रश्न आपोआप दिसतो आणि शिक्षणाला वजन देणाऱ्या न्यायाधीशाला त्यात धरून ठेवण्यासारखं काहीतरी मिळतं. त्यांनी मान्य केलं. पुढचे दोन महिने दाखल रजिस्टर घेऊन तेच बसले.

काय केलं

नोटीस आल्यापासून आठव्या दिवशी लिंक बंद केली. फाइली पुसल्या नाहीत, एका हार्ड डिस्कवर घेऊन ती वाचनालयाच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि तसा पंचनामावजा कागद केला.

मग वर्गवारी. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं संपली की पुस्तक सर्वांचं होतं. म्हणजे २०२३ मध्ये १९६२ च्या अखेरीपर्यंत निधन झालेल्यांचं लेखन मोकळं होतं. साने गुरुजींचं निधन जून १९५० मधलं, त्यांचं लेखन २०११ पासूनच मोकळं. आधी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथांच्या लेखनाचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपत होते तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. एका कवीबद्दलच्या आदरातून संसदेने केलेला बदल खानापूर तालुक्यातल्या कपाटातली कोणती पुस्तकं दहा वर्षं आणखी बंद राहणार हे ठरवून गेला, हे मुलांना सांगितलं तेव्हा ती चकित झाली. वर्गवारीत दोन ठिकाणी आम्ही फसता फसता वाचलो: अनुवादकाचा हक्क मूळ लेखकापेक्षा वेगळा मोजायचा, आणि नव्या आवृत्तीतली प्रस्तावना ज्याची असेल त्याचं वर्ष पाहायचं.

नोटिशीतल्या चौदा पुस्तकांपैकी नऊ बाजारात मिळत होती. त्यांच्याबाबत काही म्हणण्यासारखं नव्हतं. उरलेली पाच वर्षानुवर्षं छापलेली नव्हती, आणि त्यांतली तीन एकाच लेखकाची होती. या भागातला शिक्षक, ऐंशीच्या दशकात वारलेला. त्याची स्थानिक इतिहासाची पुस्तकं गावात लोक आजही मागतात.

इथे प्रकरणाला वळण मिळालं, आणि ते मला उशिरा सुचलं. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, आलं. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. ही दुरुस्ती प्रामुख्याने चित्रपटगीतांच्या लेखक-संगीतकारांसाठी झाली, राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी आवाज उठवला होता. सत्तरच्या दशकातल्या करारांना ती लागू होते का यावर वाद घालता येतो. पण निदान प्रश्न उभा राहतो: या शिक्षक-लेखकाने प्रकाशकाशी केलेल्या १९७४ च्या एका पानी करारात डिजिटल हक्क कुठे होते? प्रकाशकाकडे नसतील तर कुणाकडे? लेखकाच्या वारसाकडे.

वाचनालय मराठी वाचकाच्या वतीने बोलत होतं, प्रकाशक मराठी ग्रंथव्यवहाराच्या वतीने. ज्या माणसाने ती पुस्तकं लिहिली त्याच्या मुलीला वर्षभरात कुणीही फोन केला नव्हता. ती कोल्हापुरात राहते, कुठे राहते हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

तात्या आणि मी भेटायला गेलो. तात्यांना पाहताच त्या म्हणाल्या, "तात्या, बाबांची पुस्तकं लोक अजून वाचतात हे मला त्या लिंकवरूनच कळलं. मला वाईट वाटलं ते एवढंच, की तुम्ही एकदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं." तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं मानधन प्रकाशकाकडून कधी आलं हे त्यांना आठवत नव्हतं, पण प्रकाशकाबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. बाबांचं पहिलं पुस्तक दुसरं कुणी छापायला तयार नसताना त्याच घराने छापलं होतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यानंतर प्रकाशकाला लिहिलेलं पत्र पहिल्या मसुद्यापेक्षा अगदी वेगळं होतं. लिंकबद्दल चूक मान्य केली, साठवणीबद्दल कलम ५२(१)(एन) सांगितलं, तीन पुस्तकांच्या डिजिटल हक्कांबद्दल कन्येचं पत्र जोडलं आणि भेटायची विनंती केली. उत्तर यायला पाच महिने लागले. मधे एक दुसरी, जास्त कडक नोटीसही आली. अखेर भेट झाली ती बेळगावात. प्रकाशकाचा मुलगा स्वतः आला आणि वाचनालय पाहायला गावातही आला. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून आहे, ती त्याने हात लावून पाहिली.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०२४ मध्ये लेखी समझोता झाला. फौजदारी तक्रारीची भाषा आणि भरपाईची मागणी प्रकाशकाने सोडली. वाचनालयाने माफीऐवजी खेदाचं पत्र दिलं. हा शब्द ठरवण्यात एक पूर्ण दुपार गेली. नऊ पुस्तकांच्या फाइली बंदच राहिल्या, त्यांच्या छापील प्रती प्रकाशकाने सवलतीत दिल्या. कन्येच्या तीन पुस्तकांसाठी तीन वर्षांचा परवाना मिळाला: वाचनालयातल्या टॅबवर कुणालाही, आणि घरी एका वेळी एकाच सभासदाला. वर्षाला ठरावीक मानधन थेट त्यांच्या खात्यात जातं. मोकळी झालेली पुस्तकं पुन्हा सर्वांसाठी उघडली. बाकीच्या फाइली हार्ड डिस्कवर, जतनापुरत्या.

एक गोष्ट आधीपेक्षा चांगली झाली. दृष्टिहीन वाचकांसाठी कलम ५२(१)(झेडबी) खाली सुलभ स्वरूपात प्रत करता येते, हे या निमित्ताने मंडळाला कळलं. कॉलेजमधल्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी आता मुलं आठवड्यातून दोनदा पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात.

गमावलंही. लिंक बंद झाल्यावर बाहेरगावचे वाचक तुटले. एक मुलगी या भागातल्या देवस्थानांवर प्रबंध लिहिते, तिला लागणारं पुस्तक आमच्याकडे स्कॅन होऊन पडलं आहे, पण ते बघायला तिला दोन बस बदलून यावं लागतं. दोन तरुण स्वयंसेवकांनी काम सोडलं. आपण वाकलो असं त्यांना वाटतं आणि त्यांच्या नाराजीत तथ्य आहे. विकत न मिळणाऱ्या पुस्तकाची डिजिटल प्रत ग्रंथालयाने सभासदाला द्यावी की नाही, हा प्रश्न समझोत्यामुळे कुठल्याच कोर्टापुढे गेला नाही. शिक्षणाला वजन देणारे एखादे न्यायाधीश त्यावर काय म्हणाले असते याची मला आजही उत्सुकता आहे. पण ते उत्तर मिळवण्यासाठी सत्तरीच्या माणसाला पुण्याच्या तारखांना नेणं मला योग्य वाटलं नाही, आणि आजही तसंच वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

टाळेबंदी उठली त्या आठवड्यात लिंक बंद करायला हवी होती. संकटाच्या काळात केलेल्या गोष्टीकडे कोर्ट सहानुभूतीने पाहतं, तीच तीन वर्षं चालू राहिली तर सवय म्हणून पाहतं.

वर्गवारी स्कॅनिंगच्या आधी व्हायला हवी होती. दाखल रजिस्टरमध्ये लेखकाच्या निधनाच्या वर्षाचा एक रकाना वाढवला असता तर निम्मं काम आपोआप झालं असतं. आता तो रकाना आहे.

माझी चूक मोठी. उत्तराचा पहिला मसुदा मी झेरॉक्स निकालाभोवती बांधला, कारण तो निकाल मला मनापासून आवडतो. त्यातलं मूल्य मला माझं वाटतं. त्या आवडीमुळे आमच्या प्रकरणातली माणसं त्यातल्या माणसांसारखी नाहीत, हे मला सहा आठवडे दिसलं नाही. यक्षगान निकालात वारसाचा हक्क पहिल्यापासून मध्यभागी होता. तो नीट वाचला असता तर कोल्हापूरची फेरी वर्षभर आधी झाली असती, आणि कदाचित दुसरी नोटीस आलीच नसती.

बाजारात न मिळणाऱ्या पाचांपैकी उरलेल्या दोन पुस्तकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. एका लेखकाचे वारस सापडत नाहीत, दुसऱ्याचं खरं नावच टोपणनावामागे हरवलं आहे. अशा कृतींचा परवाना मागण्यासाठी कलम ३१-क आहे, पण अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मराठी पुस्तकाचा मराठी वारस शोधायला मराठी दैनिकाची सक्ती फक्त अनुवादाचा प्रश्न असेल तेव्हा. जाहिरातीच्या दराची चौकशी करून तात्यांनी आकडा वहीत लिहून ठेवला आहे. तो वाचनालयाच्या वर्षभराच्या पुस्तक खरेदीपेक्षा मोठा आहे. म्हणून सध्या अध्यक्षसर दर महिन्याला एका जुन्या शिक्षकाला पत्र लिहून विचारतात, या टोपणनावाने कोण लिहायचं तुम्हाला आठवतं का. आतापर्यंत चार उत्तरं आली आहेत आणि त्यांतली दोन एकाच गावाकडे बोट दाखवतात.